ऐंशी पार, तरी तय्यार!

मुळशीजवळच्या एका शेडमध्ये १९४३ चा एक मिलिटरी ट्रक दर रविवारी सुरू होतो. त्याला सुरू करणारे हात सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत की-बोर्डवर असतात. जुनी गाडी ‘उभी करणं’ वेगळं आणि ‘चालती ठेवणं’ वेगळं, हे या हातांना कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

रविवारी सकाळी साडेसातला तुम्ही काय करत असता? खरं सांगा. पांघरूण डोक्यावर ओढून अलार्मला शिव्या घालत असता, बरोबर? फार तर एखादा हेल्थ-कॉन्शस प्राणी टेकडी चढत असेल. पण पौड रस्त्यानं मुळशीकडे निघालात आणि एका ठरावीक फाट्यावर गाडीची काच खाली केलीत, तर तुम्हाला एक आवाज ऐकू येईल. आधी धातूवर धातू घासल्याचा, मग एक खोल ढेकर दिल्यासारखा, आणि मग घरघर... घरघर... सहा सिलिंडरची, संथ, अगदी निवांत.

हा आवाज दादाच्या ट्रकचा. दादा म्हणजे माझ्या चुलतभावाचा कॉलेजचा मित्र. वय वर्षं ३६, पेशानं सॉफ्टवेअरवाला, टीम लीड, ईएमआय, एक बायको, एक लेक. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच. फरक इतकाच की आपण वीकएण्डला मॉलमध्ये जातो आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या महायुद्धात जातो. “नाव छापू नकोस हं,” त्यानं पहिल्याच भेटीत बजावलं होतं. “ऑफिसात कळलं तर प्रत्येक सिक लीव्हवर शंका घेतील.” आणि हो, एकूण खर्चाचा आकडाही छापायचा नाही. कारण बायको हे साप्ताहिक वाचते!

हे ध्यान आलं कुठून?

आधी या हिरोची ओळख करून घेऊ. शेवरोले सी-१५ए. जात : कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, म्हणजे सीएमपी. ‘१५’ म्हणजे १५ हंड्रेडवेट, साधारण पाऊण टन वजन वाहायची त्याची अधिकृत क्षमता. ‘ए’ म्हणजे चारही चाकांना ताकद.

दिसायला? बुलडॉग! बसकं नाक, रुंद छाती, आणि पुढची काच चक्क उलटी कललेली. आपल्या गाड्यांची काच वरून मागे झुकते, याची वरून पुढे झुकते. स्टाइल म्हणून नव्हे. काचेवरची उन्हाची तिरीप वर आकाशात जाऊ नये आणि शत्रूच्या विमानाला चमक दिसू नये, म्हणून. या ट्रककडे बघताना पदोपदी हेच होतं. जे विचित्र वाटतं, त्याच्या मागे कुणाच्या तरी जिवाचा हिशेब असतो.

महायुद्धात कॅनडानं आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या. त्यातल्या चार लाखांहून जास्त या सीएमपी जातीच्या. ओशावामध्ये जनरल मोटर्स आणि विंडसरमध्ये फोर्ड, एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोन कंपन्या ब्रिटिश लष्करानं ठरवलेल्या एकाच साच्यात ट्रक बनवत होत्या. उत्तर आफ्रिकेच्या वाळूपासून इटलीच्या चिखलापर्यंत ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या फौजांची रसद या ट्रकनी ओढली. इटलीच्याच आघाडीवर मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. शाळेत आपण ही नावं पाठ केलेली असतात. त्या आघाडीवर दारूगोळा आणि पाव पोचवणारं कुणीतरी लागतच होतं, हे मात्र कधी डोक्यात येत नाही.

मुंबईशीही या ब्रँडचं जुनं नातं आहे. जनरल मोटर्सनं शिवडीत १९२८ मध्येच जोडणीचा कारखाना काढला होता. त्यामुळे युद्ध संपेपर्यंत शेवरोलेचं इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रींना घरच्यासारखं झालं होतं. युद्धानंतर लष्करानं जास्तीच्या गाड्या विकायला काढल्या आणि मराठीत एक शब्द कायमचा रुजला : ‘डिस्पोजल’. डिस्पोजलचा ट्रक, डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचा कोट. ज्यांच्याकडे नवा ट्रक घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी डिस्पोजलचा घेतला आणि मरेस्तोवर राबवला.

भारतीय लष्करातही हे ट्रक स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं होते. मग १९५० चं दशक संपता संपता जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर ‘शक्तिमान’ बनू लागला आणि म्हाताऱ्यांची रवानगी भंगारात सुरू झाली.

कऱ्हाडची क्रेन

दादाला त्याचा ट्रक २०१९ मध्ये सापडला, तो कऱ्हाडच्या अलीकडे हायवेलगतच्या एका गॅरेजमागे. बाभळीच्या झुडपात. पाठीवर लोखंडी गर्डरची क्रेन जोडलेली, कारण गेली कित्येक वर्षं तो अपघातातल्या गाड्या ओढायचं काम करत होता. मूळ इंजिन केव्हाच गेलेलं, त्या जागी पर्किन्सचं डिझेल. दरवाजे नाहीत. सीटच्या जागी खाटेची फळी. डॅशबोर्डवर मात्र उत्पादकाची पत्र्याची पट्टी शाबूत.

“मला वाटलं, क्रेनमुळे ट्रकची वाट लागली,” दादा म्हणतो. “आप्पा म्हणाले, अरे, क्रेन होती म्हणून तर वाचला! नाहीतर याचे खिळे झाले असते.”

आप्पा या गोष्टीतले दुसरे हिरो. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, पांढरा सदरा, खिशात चष्म्याची डबी आणि वर्नियर. १९६० च्या दशकात पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागले, तेव्हा डिस्पोजलच्या गाड्या अजून धावत होत्या. दादानं त्यांना जुन्या बाजारात शोधलं. म्हणजे झालं असं, की एका रविवारी दादा कार्बोरेटर हातात घेऊन किमतीवर घासाघीस करत होता आणि शेजारी उभा असलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “तो शेवरोलेचा नाही. घेऊ नको.”

त्या दिवसापासून आप्पा दर रविवारी मुळशीला येतात. दादा त्यांना न्यायला जातो, परत सोडतो. मजुरीचा विषय निघाला की आप्पा तोंड फिरवतात. मग दादानं त्यांच्या नातीच्या क्लासची फी भरायला सुरुवात केली. तेही आप्पांना बराच काळ माहीत नव्हतं.

शेडमधला आप्पांचा पहिला हुकूम होता : चाकाला कुणी हात लावायचा नाही. का, ते मला त्यांनी स्वतः दाखवलं. या ट्रकची रिम दोन अर्ध्या थाळ्यांची असते. नटांचं एक वर्तुळ त्या दोन थाळ्यांना एकत्र धरून ठेवतं आणि नटांचं दुसरं वर्तुळ चाकाला ट्रकशी जोडतं. टायरमध्ये हवा असताना चुकून पहिलं वर्तुळ सैल केलं, तर दोन थाळ्या बॉम्बसारख्या सुटतात. समोर माणूस असला तर संपलाच. म्हणून ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजांत ते नट लाल रंगानं रंगवायचे. कऱ्हाडच्या गॅरेजमध्ये सगळ्याच नटांवर काळा रंग फासलेला होता. आप्पांनी सगळ्यात आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा सोडली, मग घासून-पुसून ते नट लाल केले. इंजिन, रंग, दरवाजे, सगळं त्यानंतर.

कल्हई!

आता मुद्द्याचा भाग. मूळ जातीचं इंजिन दादाला एका शेतकऱ्याच्या विहिरीवर मिळालं. तिथे ते पाणी उपसत होतं. हे २१६ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, ८५ अश्वशक्तीचं शेवरोले इंजिन. आजकालची छोटी हॅचबॅकही एवढी ताकद काढते. पण हे इंजिन घाई करत नाही. पहिल्या गिअरमध्ये ते भिंतही चढेल असं वाटतं.

नशीब म्हणजे हेच इंजिन शेवरोलेच्या साध्या मोटारींतही होतं. त्यामुळे गॅस्केट, पिस्टन, व्हॉल्व्ह अमेरिकेतून आजही मागवता येतात. एक गोष्ट मात्र कुरिअरनं येत नाही : बेअरिंग.

आजच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला पातळ, तयार शेल बेअरिंग असतं. झिजलं की काढा, नवं टाका. २१६ च्या रॉडमध्ये असं काही नाही. रॉडच्या गोल तोंडात व्हाईट मेटल (कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू) वितळवून थेट ओततात. मग ते कातून, खरवडून बरोबर मापाला आणतात. आणि वंगण? रॉडच्या टोकाला छोटीशी डोई असते, ती दर फेरीला तेल उचलून बेअरिंगवर शिंपडते. व्हाईट मेटल नीट धरलं नसेल, तर काही किलोमीटरांत रॉड ठोकू लागतो आणि मग इंजिनच्या पोटाला भोक!

इथे वादाची ठिणगी पडली. पण तुम्हाला वाटतं तशी नाही. जुनं जपायचं म्हणून आप्पा हट्ट करत होते आणि दादाला शॉर्टकट हवा होता, असं अजिबात नव्हतं. उलट! आप्पा म्हणाले, “शेल टाक. रॉड कातून घे, आजचं शेल बसव, मोकळा हो.” हे करता येतं, परदेशात पुष्कळ जण करतात. दादा मात्र अडून बसला. जसं होतं तसंच हवं.

“आम्ही हे करत होतो कारण दुसरं काही नव्हतं,” आप्पा वैतागून मला म्हणाले. “हौस नव्हती बाई. हात भाजायचे. याला हौस आहे.”

शेवटी आप्पांनी अट घातली. सहा रॉड आहेत. पहिले दोन मी भरीन. पुढचे तीन दोघं मिळून. सहावा तू एकटा. आणि हे करून झाल्यावर ‘आप्पा, जरा बघा ना’ म्हणायचं नाही. कारण आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि हाताला हलकीशी थरथर सुरू झाली होती. हे त्यांनी सांगितलं नाही. पहिला रॉड धरताना ते दिसलं.

२०२२ च्या त्या हिवाळ्यात मी चार रविवार शेडमध्ये होते. इतकं टेन्शन मी कुठल्या मॅचला घेतलं नसेल. आधी रॉड स्वच्छ धुऊन तापवायचा, मग त्याला आतून कल्हई करायची. हो, कल्हईच! आजीच्या पितळी पातेल्यांना व्हायची तीच. कथलाचा पातळ थर, नवसागराचा धूर, सगळं तसंच. कल्हई एकसारखी चढली नाही, तर व्हाईट मेटल लोखंडाला धरत नाही. मग कढलीत व्हाईट मेटल वितळवायचं. किती तापलं हे कसं कळणार? आप्पांकडे थर्मामीटर नाही. ते लाकडाची कोरडी काडी बुडवतात. काडी तपकिरी पडली की तयार. काळी पडून पेटली की जास्त झालं. आणि ओतायचं ते एकाच धारेत, मध्ये न थांबता. धार तुटली की आत पदर पडतो आणि पदर पडला की रॉड वाया.

दादानं पहिल्याच रविवारी डिजिटल थर्मामीटर आणला. आप्पांनी काडी बुडवली, दादानं आकडा बघितला, वहीत लिहिलं. चार रविवार हेच. काडीचा रंग एका रकान्यात, आकडा दुसऱ्यात. शेवटी आप्पाच विचारायला लागले, “किती दाखवतोय रे तुझा?”

सहाव्या रॉडला दादाची धार मध्येच तुटली. आप्पा खुर्चीवर बसून होते. काही बोलले नाहीत, उठलेही नाहीत. दादानं रॉड पुन्हा तापवला, धातू पाडला, पुन्हा कल्हई केली, पुन्हा ओतलं. संध्याकाळी निळा रंग लावून क्रँकवर फिरवून बघितलं. टेकण एकसारखं उमटलं होतं. आप्पांनी तो रॉड हातात घेतला, नखानं टिचकी मारली, आवाज ऐकला. “चहा ठेव,” एवढंच म्हणाले. आमच्याकडे यालाच स्टँडिंग ओव्हेशन म्हणतात.

हिरवा रंग? नको रे बाबा!

आता तुम्ही म्हणाल, मिलिटरी ट्रक म्हणजे ऑलिव्ह ग्रीन रंग, त्यात काय विचार करायचा? तर थांबा. भारतात संरक्षण खात्याखेरीज कुणालाही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आर्मीची गाडी लिलावात रीतसर घेतलीत, तरी आधी तिचा रंग बदलायचा!

दादा हिरमुसला नाही, त्यानं पुस्तकं काढली. युद्धाच्या मधल्या वर्षांत ब्रिटिशांकडे हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा पडला आणि १९४२ पासून त्यांनी गाड्यांना तपकिरी रंग द्यायला सुरुवात केली. पुढे १९४४ मध्ये अमेरिकनांशी जुळणारा हिरवट रंग आला. म्हणजे १९४३ च्या ट्रकला तपकिरीच रंग शोभतो. कायदाही खूश आणि इतिहासही. आज तो ट्रक दूध जास्त झालेल्या चहासारखा दिसतो. मला तरी भारी वाटतो.

एक चक्कर

केबिनमध्ये बसायचं म्हणजे एक कसरतच. नाक बसकं ठेवायच्या नादात इंजिन थेट केबिनमध्ये घुसलंय, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध. त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही आणि पाच मिनिटांत मांडी शेकून निघते. बोलायचं असेल तर ओरडायचं.

सेल्फ मारता येतो, पण दादा हँडल मारूनच सुरू करतो. त्याचीही एक शिस्त आहे. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही. आणि हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. इंजिननं उलटी लाथ मारली, तर हात आपोआप सुटतो. नाहीतर मनगट गेलं. गिअर टाकताना डबल क्लच : क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरचा अंदाज घ्या, पुन्हा क्लच, मग गिअर. चुकलात तर ट्रक असा काही करवादतो की शेजारच्या शेतातली म्हैस मान वर करते. पॉवर स्टिअरिंग नाही, हे सांगायला नकोच. बांधाच्या कडेनं दोन किलोमीटरची चक्कर मारून दादा उतरला, तेव्हा जिममधून आल्यासारखा घामानं निथळत होता. आणि चेहऱ्यावर आठ वर्षांच्या पोराचं हसू.

चार महिने आणि एक थप्पड

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यातल्या एका व्हिंटेज गाड्यांच्या प्रदर्शनात ट्रक उभा राहिला. फ्लॅटबेडवरून गेला, फ्लॅटबेडवरून आला. लोकांनी फोटो काढले, पोरं टपावर चढली, एका निवृत्त सुभेदारांनी दरवाज्यावर हात ठेवून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दादाच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट डिलिव्हर झाला. पार्टी झाली. आणि मग ऑफिसात मोठं रिलीज आलं.

मे ते सप्टेंबर दादा शेडकडे फिरकला नाही. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांनाही तिथे बुरशी येते. सप्टेंबरअखेरीस शेड उघडली, तेव्हा ट्रक जागचा हलेना. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्या पाण्यानं चाकांतले ब्रेक सिलिंडर गंजून जाम झाले होते. टाकीत तळाला गंज आणि पाणी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेही पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मऊ करतं. पेट्रोल पंपाचा पडदा गेला होता. वायरींचं सुती वेष्टन उंदरांनी बाळंतपणासाठी नेलं होतं. एअर क्लीनरमध्ये चार गुलाबी पिल्लं!

“साडेतीन वर्षं घालवून बनवला आणि चार महिन्यांत मेला,” दादा फोनवर म्हणाला. आवाज खरंच रडवेला होता. त्यानं विकायचाही विचार केला. एका हॉटेलवाल्याला तो हायवेवर शोसाठी उभा करायला हवा होता. बोलणी जवळजवळ पक्की झाली होती.

त्यानं आप्पांना फोन करून तसं सांगितलं. आप्पांचं उत्तर ऐका : “वीक की. तिथे निदान उभा तरी राहील. तुझ्याकडे तेही नाही.”

थप्पड बसली ती बसलीच. गंमत म्हणजे आपल्या सगळ्यांचंच हे होतं. गिटार, कॅमेरा, ट्रेडमिल. घेताना, शिकताना, ‘बनवताना’ अंगात संचारतं. कारण त्याला शेवट असतो, फोटो असतो, लाइक असतात. सांभाळण्याला शेवटच नसतो. त्याचा फोटो काय काढणार? काही बिघडलं नाही, हीच त्याची बातमी. आणि जुनी गाडी, विशेषतः जिच्या बेअरिंगपासून सगळं हातानं केलंय, ती याच बिनबातमीच्या कामावर जगते. कऱ्हाडच्या गॅरेजवाल्यानं क्रेन जोडली, डिझेल इंजिन टाकलं, सगळं ‘मूळ’ बिघडवलं. पण तो ट्रक रोज वापरत होता. म्हणून तो ऐंशीच्या घरात पोचला.

हॉटेलवाल्याला नकार गेला. ब्रेक पुन्हा खोलले. आणि शेडच्या दारावर एक पाटी लागली : ‘४० मिनिटं’.

चाळीस मिनिटांत काय होतं?

दर रविवारी, पाऊस असो की पाहुणे, इतकंच :

तेल बघायचं, पाणी बघायचं, ट्रकखाली जमिनीवर काय सांडलंय ते बघायचं. नवा डाग म्हणजे नवी बातमी. ग्रीसगन घेऊन निपलांची फेरी, आठवड्याला थोडीथोडी, म्हणजे महिन्यात सगळी होतात. ब्रेक दहा वेळा दाबायचा. हँडलनं इंजिन चार फेरे तसंच फिरवायचं, मग सुरू करायचं आणि पूर्ण गरम होईपर्यंत चालवायचं. नुसतं दोन मिनिटं घुरघुरवून बंद केलं तर आतच पाणी साचतं, त्यापेक्षा न केलेलं बरं. शक्य असेल तर दोन किलोमीटरची चक्कर. परत आल्यावर चारही ड्रमना हात लावायचा. एखादा जास्त तापला असेल, तर तो ब्रेक धरतोय.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी, पेट्रोल पंपाला इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवा पडदा, ब्रेक ऑइल दरवर्षी नवं. विजेचं सगळं सहा व्होल्टचं आहे. व्होल्ट निम्मे म्हणजे त्याच कामाला करंट दुप्पट. म्हणून वायरी जाड हव्यात आणि जोडण्या लख्ख घासलेल्या. आणि प्रत्येक गोष्ट वहीत.

दादाची लेक आता आठ वर्षांची आहे. ग्रीसगन तिचं डिपार्टमेंट.

गेल्या वर्षी आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिसतं छान, पण थरथर वाढली. ते अजूनही येतात, खुर्चीवर बसतात, वर्तमानपत्र वाचतात आणि मध्येच मान वर न करता म्हणतात, “तिसरा थंड आहे बघ.” तिसरा सिलिंडर खरंच थंड असतो.

यंदा उन्हाळ्यात कोल्हापूरहून एक गृहस्थ शेडवर आले. आजोबांची शेवरोले मोटार, तेच २१६ इंजिन, एक रॉड ठोकतोय. सगळीकडे विचारून थकले, कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं. कापडात गुंडाळलेला रॉड त्यांनी आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांनी तो उचलला, फिरवून बघितला आणि दादाकडे दिला. “हा भरतो,” ते म्हणाले. “मी आता फक्त चहा पितो.”

तुम्हालाही घ्यायचीय?

रस्त्याचा विचार आधी. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात आणि खासगी वापराची हवी. ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती १० वर्षं चालते, पुनर्नोंदणीला ५ हजार. पण ही सोय दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहे, मालवाहू ट्रकसाठी नाही. शिवाय प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही! दादाचा ट्रक म्हणूनच खासगी जमिनीवर चालतो आणि बाहेर फ्लॅटबेडवरून जातो.

सुरुवात छोटी करा. पहिलीच गाडी ट्रक नको. विलीज जीप घ्या. अमेरिकन लष्कराच्या कागदांत तिचंही नाव ‘पाव टन ट्रक’च होतं! मुंबईत महिंद्रनं १९४७ मध्ये तिची जोडणी सुरू केली, त्यामुळे भाग आणि मिस्त्री दोन्ही सापडतात. धोनीसारखी जोंगा हवी असेल (त्यानं २०१९ मध्ये घेतली), तर लक्षात ठेवा : तिचं पेट्रोल इंजिन जवळजवळ चार लिटरचं आहे. पगार बघून ठरवा.

कागद आधी, प्रेम नंतर. लिलावाची पावती, चासी नंबर, जुनं आरसी. चासीवरचा नंबर कागदाशी जुळला नाही, तर कितीही गोड गाडी असो, घरी परत.

धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा.

दोन तुकड्यांच्या रिमला स्वतः हात लावू नका. पंक्चरवाल्यालाही लावू देऊ नका. आधी हवा पूर्ण सोडायची, मग पुढचं.

मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर. आणि मिस्त्री सापडला की त्याच्याबरोबर उभे राहा. फोन खिशात, वही हातात.

आणि शेवटचं : महिन्याला किती पैसे घालू शकता, हे स्वतःला विचारू नका. दर रविवारी चाळीस मिनिटं देऊ शकता का, हे विचारा. उत्तर ‘बघू’ असेल, तर पोस्टर घ्या. भिंतीवर छान दिसतं आणि गंजत नाही!